शस्त्रांमधली केरसुणी

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना आजच्यासारखी नावे नव्हती. पण डोंगरांतून जाणाऱ्या वाटा होत्या, आणि वाट आली की तिची राखण आलीच. अशाच एका खिंडीच्या तोंडाशी एक तालीम होती. खिंड राखण्याचा मान पिढ्यानपिढ्या त्या तालमीकडे होता, आणि त्या मानाची खूण म्हणून राजाने दिलेले रेशमी निशाण तिच्या दारावर फडकत असे.

त्या तालमीत पट्टा शिकवीत. पट्टा म्हणजे लांब, लवचीक पात्याची तलवार. तिची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे शस्त्र हातात धरले आहे असे वाटत नाही, हातच वाढून पाते झाला आहे असे वाटते. पट्ट्याच्या एकेका वाराला तेथे 'हात' म्हणत, आणि ठरल्या क्रमाने गुंफलेल्या हातांना 'साखळी'. ही साखळी तालमीच्या आद्यपुरुषाने बांधली होती, आणि तिच्यातील एकही कडी आजवर कोणी गाळली नव्हती.

इतर तालमींची जमीन मातीची असते. या तालमीची जमीन काळ्या दगडाची होती, आणि त्या दगडात पावले कोरलेली होती.

ती पावले आद्यपुरुषाची. ज्या पहाटे त्याने देह ठेवला, त्या पहाटेही तो साखळी करायला उभा राहिला होता. अंगात ताप होता. शिष्य नको म्हणत होते. त्याने ऐकले नाही. साखळी पुरी करून तो भिंतीला टेकला आणि तसाच शांत झाला. मऊ मातीत त्याची पावले उमटून राहिली होती. शिष्यांनी त्या मातीला कोणाचा पाय लागू दिला नाही. पाथरवट बोलावले, मापे घेतली, आणि ती पावले होती तशी दगडात कोरवून घेतली. "ही गुरूंची शेवटची शिकवण," असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या अश्रूंत खोटे काहीच नव्हते. तरीही त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि खऱ्या अश्रूंनी झालेली चूक फार टिकते.

तेव्हापासून जो कोणी त्या तालमीत येई तो कोरलेल्या पावलांत पाऊल ठेवून साखळी शिके. कोणाचा पट्टा कसा फिरतो हे मागाहून पाहत. पाऊल कसे बसते हे आधी पाहत. "पाऊल बसले" याहून मोठी शाबासकी तेथे नव्हती. शेकडो पायांनी घासून त्या खाचा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

वस्तादांचा पट्टशिष्य रायाजी. उंचापुरा, देखणा गडी. त्याची पावले त्या खाचांत अशी बसत, जणू साच्यात धातू ओतला आहे. त्याच्या उलट होती चिमा. तिचा बाप खिंडीचा राखणदार होता आणि खिंडीतच पडला होता. बापामागे तिला एकच हवे होते: बापाने राखलेल्या निशाणाखाली एकदा तरी पट्टा घेऊन उभे राहावे. पण चिमा ठेंगणी. आद्यपुरुषाची एक ढांग म्हणजे तिच्या दोन. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाण्यासाठी तिला उडी मारावी लागे, आणि तिने उडी मारली की तालमीत हशा पिके.

"चिमाताई, साखळी चालली आहे की लंगडी?" एकजण विचारी.

"लंगडीच," ती म्हणे. "पण लंगडीत लंगडणाराच दुसऱ्यांना बाद करतो, दादा. जरा जपून उभे राहा."

शेवटी वस्तादांनी तिला जवळ बोलावले. माणूस कठोर नव्हता. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या मापाचा दगड मला घडवता येणार नाही, आणि या दगडाच्या मापाचे पाय तुला आणता येणार नाहीत. तू मागच्या खळ्यावर करीत जा."

चिमा तालमीमागच्या खळ्यावर गेली. सुगी सरल्यावर खळे रिकामेच असते. तेथे ना दगड होता, ना खाचा, ना पाहणारे. तिने साखळी एकदा केली, पुन्हा केली. पाय कोठे ठेवायचा हे सांगणारे काही नसल्यामुळे तिला दर हाताला स्वतःलाच विचारावे लागे, की हा वार कोणावर आहे? समोरचा कोठे उभा आहे? त्याने काय केले म्हणून मी वळते आहे? हळूहळू त्या रिकाम्या खळ्यावर तिला एक शत्रू दिसू लागला. तो दिसू लागला तशी तिची मान वर झाली. आद्यपुरुष ज्या अंतरासाठी एक ढांग टाकी, तेथे ती दोन झपझप पावले टाकू लागली. वार तोच, क्रम तोच. चाल मात्र ओढ्याकाठच्या खंड्या पक्ष्यासारखी, क्षणभर स्थिर आणि लगेच सूर मारणारी.

साखळीच्या मध्यावर एक हात होता, ज्याचा अर्थ तिला काही केल्या लागेना. उजवीकडे वळून, वाकून, पाते जमिनीलगत फिरवायचे. तालमीतले वृद्ध त्याला 'भूमिवंदन' म्हणत. "हा वार नाही, नमस्कार आहे," असे ते सांगत. चिमाही तो नमस्कार समजून करी. पण करताना मनात म्हणे, ऐन लढाईत कोणी नमस्कार करील का?

आता त्या तालमीवर आलेले संकट ऐका.

दरवर्षी दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनाच्या माळावर राजासमोर एक परीक्षा होई. निशाण जिच्याकडे आहे त्या तालमीच्या पटाईताने आपली साखळी आरंभापासून अंतापर्यंत करून दाखवायची. ते निशाण ज्याला हवे त्याने समोर बोथाटी घेऊन उभे राहायचे. बोथाटी म्हणजे टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा बांधलेला भाला. तो गोळा गुलालात भिजवलेला असे. साखळी चालू असताना तिच्यातील एक हात जरी गळाला, किंवा पटाईताच्या अंगाला गुलाल लागला, तर त्या वर्षी तालीम हरली. सलग तिसऱ्यांदा हरली तर निशाण उतरायचे आणि खिंड दुसऱ्याच्या हाती जायची.

पलीकडच्या खोऱ्यात सिदोजी नावाचा एक बोथाटीवाला होता. त्याने रायाजीला एकदा गुलाल लावला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा लावला, आणि तोही त्याच ठिकाणी, उजव्या मांडीवर. आता तिसरा दसरा जवळ येत होता.

रायाजी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत दगडावर घाम गाळू लागला. वस्ताद बाजूला बसून म्हणत, "पाऊल अजून नेमके पडू दे. केसाएवढाही फरक नको." आणि रायाजीचे पाऊल खरोखरच केसाएवढ्या फरकाशिवाय पडू लागले.

चिमा एक दिवस दाराशी उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग तिने चुलीतली राख एका फडक्यात बांधली, ते फडके काठीच्या टोकाला लावले आणि ती आत आली.

"वस्ताद, रायाजीदादांसमोर मी उभी राहू?"

"तू?" रायाजी हसला. "राख लावायला आलीस की झाडायला?"

"लावून झाली की झाडूनही देईन."

वस्तादांनी मान हलवली. रायाजीने सलामी दिली आणि साखळी सुरू केली. मध्यापर्यंत ती पोचली, आणि चिमाची काठी सुटली. रायाजीच्या उजव्या मांडीवर राखेचा गोल उमटला.

"पुन्हा," रायाजी म्हणाला. पुन्हा तेच झाले.

मग चिमाने पदराचे टोक ओढून डोळ्यांवर बांधले. "आता करा, दादा."

रायाजीने साखळी केली. त्याची पावले दगडावर टप टप वाजत होती. आंधळी काठी सुटली आणि नेमक्या त्याच जागी लागली.

रायाजीच्या चेहऱ्यावरचे हसू केव्हाच गेले होते. तो म्हणाला, "हे कसे करतेस ते सांग. चेष्टा पुरे."

चिमाने डोळ्यांवरचा पदर काढला. "दादा, साखळी करताना तुमची नजर कोठे असते?"

"पुढच्या खाचेवर."

"आणि शत्रू?"

रायाजीची नजर पुन्हा खाचेकडेच गेली.

चिमा गुडघे टेकून दगडावर बसली आणि तिने एका खाचेवर बोट ठेवले. "वस्ताद, हे पाऊल पाहा. याचा अंगठा पुढे लांबला आहे. हे पाऊल टाकलेले नाही, ओढलेले आहे. येथे जो पाय ठेवतो तो क्षणभर अडकतो, आणि त्याची मांडी उघडी पडते. आद्यपुरुषांना त्या दिवशी ताप होता ना?"

"होता," वस्ताद म्हणाले.

"मग आपण इतकी वर्षे त्यांची साखळी गिरवतो आहोत, की त्यांचा ताप?"

एक वृद्ध शिष्य ताडकन उठला. "जीभ आवर, पोरी. पाप लागेल."

"काका, पाप लागेल तेव्हा लागेल, गुलाल तर लागलाच आहे," चिमा म्हणाली. "सिदोजी तीन वर्षांपूर्वी येथे दर्शनाला आला होता, आठवते? लोटांगण घालीत एकेका पावलाला हात लावीत गेला. तुम्हीच म्हणालात, किती भाविक माणूस आहे."

"होता भाविक."

"वितीने मोजत होता, काका."

वृद्ध खाली बसला. वस्ताद म्हणाले, "तू करून दाखव. रायाजी, तू काठी घे."

चिमाने साखळी केली. वस्ताद मोठ्याने एकेका हाताचे नाव घेत होते, आणि नाव घेताच तो हात होत होता. काहीही गळाले नाही. रायाजी काठी घेऊन भोवती फिरला, पुढे आला, मागे सरला. पण ज्या जागी तो काठी नेई ती जागा नुकतीच रिकामी झालेली असे. साखळी संपली तेव्हा धाप रायाजीला लागली होती.

"पाऊल एकही बसले नाही," वृद्ध पुटपुटला. "हे अशुद्ध आहे."

"पाऊल बसले नाही म्हणूनच मला ती सापडली नाही, काका," रायाजी म्हणाला.

वस्तादांनी निर्णय दिला नाही. ज्या दगडावर त्यांचे स्वतःचे आयुष्य गेले होते त्या दगडाकडे ते पाहत राहिले. माणसाला शत्रूचे चुकले हे पटकन दिसते; पूज्य माणसांचे चुकले हे पाहायला डोळ्यांना फार वेळ लागतो.

खंडेनवमी आली. तालमीतली सारी शस्त्रे घासूनपुसून पाटावर मांडली गेली: पट्टे, ढाली, भाले. आणि दरवर्षीप्रमाणे त्यांच्या मधोमध एक केरसुणी ठेवली गेली. शिंदीच्या पात्यांची, झिजून बुंधा उरलेली, जुनी केरसुणी. ती आद्यपुरुषाची होती एवढेच सर्वांना ठाऊक होते. तिला गंध लावताना एक वचन म्हणायचे असे, आणि तेही त्याच्याच तोंडचे: 'आधी पुसावे, मग उमटावे.' याचा अर्थ सगळे असा लावीत, की शस्त्रावरचे तेल आधी पुसावे आणि मग त्यावर गंधाचे बोट उमटवावे.

वस्तादांनी केरसुणी उचलली. गंधाचे बोट तिच्यापाशी नेले, आणि ते थांबले.

"आद्यपुरुषांच्या वेळी येथे दगड नव्हता," ते स्वतःशीच बोलावे तसे बोलू लागले. "माती होती. मातीत पावले उमटतात. मग आदल्या दिवसाची, त्याच्या आदल्या दिवसाची पावले कोठे गेली? शिष्यांना एकाच दिवसाची पावले कशी सापडली?"

प्रत्येकाची नजर त्या झिजलेल्या केरसुणीवर गेली.

"ते रोज पुसत होते," वस्ताद म्हणाले. "साखळी करायच्या आधी कालची पावले स्वतःच्या हाताने पुसत, आणि मग आजची उमटवीत. ही केरसुणी उगाच नाही झिजली. ज्या एका दिवसाची पावले पुसायला ते उरले नाहीत, नेमका तोच दिवस आपण दगडात कोरून ठेवला."

वृद्ध शिष्याने डोळ्यांना उपरणे लावले. या वेळच्या अश्रूंनी काही कोरले गेले नाही. धुतले मात्र बरेच गेले.

रायाजी पुढे झाला. त्याने आपला पट्टा पाटावरून उचलला आणि चिमाच्या हातात दिला. "मूठ तुला सैल होईल," तो म्हणाला, "आत चिंधी कोंब. आणि उद्या माझ्या मांडीचाही हिशेब चुकता कर."

दसऱ्याला माळ माणसांनी फुलला होता. तालमीच्या दारावरचे निशाण त्या दिवसापुरते माळावर उभे केले होते. एका बाजूला राजा बसला होता, शेजारी साखळीतले हात ओळखणारा पंच. तालमीच्या बाजूने ठेंगणी चिमा पुढे आलेली पाहून लोकांत कुजबुज झाली.

सिदोजीने बोथाटी गुलालात बुडवली. "तालमीतले गडी संपले का, बाई?"

"गडी पुष्कळ आहेत. त्यांना गुलालाचा कंटाळा आला आहे."

लोक हसले, सिदोजीही हसला. तो निर्धास्त होता. त्याच्या अंगणात त्या तालमीसारखाच एक दगड होता, त्याच मापाचा, त्याच खाचांचा. कोणते पाऊल कोठे पडणार हे त्याला झोपेतही सांगता आले असते.

चिमाने सलामी दिली. खिंडीच्या दिशेला एकदा पाहिले, बापाचे स्मरण केले, आणि पट्टा फिरू लागला.

पहिल्या काही हातांतच लोकांची कुजबुज थांबली. ही साखळी त्यांनी दरवर्षी पाहिली होती. तरीही ती आज पहिल्यांदाच पाहत आहोत असे त्यांना वाटले. पाते तिच्याभोवती असे फिरत होते, की मधेच मुलगी दिसे आणि मधेच केवळ उजेड दिसे. पंच एकेक नाव घेत होता, आणि नाव त्याच्या ओठांवर येण्याआधी हात होऊन गेलेला असे. सिदोजी दोनदा पुढे सरसावला, दोनदा थबकला. तो तिच्या पायांकडे पाहत होता. ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती.

साखळी मध्यावर आली. येथे उजवा पाय लांब पडणार, क्षणभर अडकणार, मांडी उघडी होणार. सिदोजी या क्षणासाठीच उभा होता. सारे बळ एकवटून त्याने बोथाटी फेकल्यासारखी पुढे घातली.

तेथे पाय नव्हता.

एका ढांगेच्या जागी दोन लहान पावले पडली होती, आणि चिमा बोथाटीच्या आत शिरली होती. गुलालाचा गोळा मातीत रुतला. सिदोजी स्वतःच्याच जोराने पुढे ओणवा झाला. आणि त्याच वेळी पंचाच्या तोंडून पुढच्या हाताचे नाव निघाले: "भूमिवंदन."

चिमा उजवीकडे वळली, वाकली, आणि तिने पाते जमिनीलगत फिरवले. बोथाटीचा दांडा गोळ्यापाशी सपकन तुटला. त्या धक्क्याने लाल गोळा मातीतून सुटला आणि घरंगळत जाऊन सिदोजीच्याच पायाला लागला.

तालमीतले वृद्ध जागच्या जागी उभे राहिले. ज्या हाताला त्यांनी आयुष्यभर नमस्कार मानले होते, तो नमस्कार नव्हता. तो जमिनीत रुतलेला भाला तोडण्याचा वार होता. आद्यपुरुषाने तो याच क्षणासाठी बांधला होता, आणि समोरच्या भाल्याकडे कोणाची नजरच नसल्यामुळे पिढ्यानपिढ्या तो हवेला मारला जात होता.

चिमा थांबली नाही. साखळी अजून अर्धी उरली होती. सिदोजी हातात नुसता दांडा घेऊन उभा होता आणि ती त्याच्यासमोर एकेक कडी शेवटपर्यंत गुंफीत गेली, कारण आता तिला कोणाला हरवायचे नव्हते. बापाच्या निशाणाखाली आपली साखळी पुरी करायची होती. शेवटचा हात झाला. तिने पट्टा कपाळाला लावला.

"साखळी पूर्ण," पंच म्हणाला. "हात एकही गळाला नाही. अंगाला गुलाल नाही."

तेव्हा माळावर जो जयघोष उठला तो खिंडीतून घुमून परत आला.

सिदोजी जवळ आला. "पाऊल चुकवलेस तू."

"चुकवले नाही, टाकले," चिमा म्हणाली. "तुम्ही दगडाची वाट पाहत होता. मी तुमची पाहत होते."

राजाने वस्तादांना विचारले, "ही आद्यपुरुषांचीच साखळी ना? पूर्वी पाहिली होती ती अशी नव्हती."

"त्यांचीच आहे, महाराज," वस्ताद म्हणाले. "पूर्वी जी पाहिलीत ती फक्त त्यांच्या पावलांची होती."

निशाण तालमीवर राहिले. तो दगड कोणी फोडला नाही. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली तांबडी माती त्यावर अंथरली गेली, आणि दगड पायाच्या चिऱ्यासारखा खाली राहिला. जुन्या केरसुणीशेजारी एक नवी केरसुणी आली. साखळी करण्याआधी प्रत्येकाने आदल्या दिवसाची आपली पावले स्वतःच्या हाताने पुसायची, असा नेम झाला. वस्तादांनी तो नेम स्वतःपासून सुरू केला. पुढे त्यांच्या जागी चिमा बसली, तिनेही तो मोडला नाही. रायाजीची साखळी महापुरासारखी दिसू लागली, त्या वृद्ध शिष्याची संथ चालणाऱ्या हत्तीसारखी. आणि तरी जाणकाराला प्रत्येकीत आद्यपुरुष ओळखता येत असे.

पुढच्या वर्षी सिदोजी पुन्हा दर्शनाला आला. त्याने वाकून जमिनीकडे पाहिले. तांबडी माती सगळीकडे सारखी झाडलेली होती. मोजायला काही नव्हते. तो मोठ्याने हसला, आणि त्याने चिमाकडे शिकण्यासाठी पहिली वस्तू मागितली ती केरसुणी.

म्हणून, लहानथोरहो, एवढे ध्यानी धरा: पूर्वजांचा क्रम जपावा, पण त्यात पाऊल स्वतःचे टाकावे, कारण कोरलेल्या पावलात दगड असतो आणि टाकलेल्या पावलात प्राण.